बोथ्याच्या वाटेवरचे गवत

बुलडाण्याहून खामगावला जाताना बोथ्याच्या घाटाचा रस्ता तुम्ही पुष्कळदा धरला असेल. कोणी शेगावच्या दर्शनाला, कोणी खामगावच्या बाजाराला, कोणी लेकीच्या गावाला. एस. टी. घाटाला लागली की निम्मी माणसे पेंगायला लागतात. जी जागी असतात ती अस्वल दिसते का, बिबट्या दिसतो का म्हणून झाडीत नजर लावून बसतात. हा ज्ञानगंगा अभयारण्याचा भाग. १९९७ साली ते जाहीर झाले, क्षेत्र सुमारे २०५ चौरस किलोमीटर. २०१९ च्या शेवटी यवतमाळकडच्या टिपेश्वरच्या जंगलातून निघालेला एक पट्टेदार वाघ शेकडो कोस शेतशिवारे तुडवत इथे येऊन राहिला होता, तेव्हापासून तर खिडकीसाठी भांडणेच व्हायला लागली.

माझे सांगणे वेगळे आहे. एकदा गणपती उठल्यावर, पाऊस ओसरला की या रस्त्याने जा आणि वर न बघता खाली बघा. सागाच्या, सालईच्या, अंजनाच्या बुडाशी आणि मोकळ्या उतारांवर त्या दिवसांत कमरेएवढे गवत उभे असते. लांबून ते सगळे एकच वाटते. जवळ गेलात तर ती एक मोठी पंगत आहे, आणि पंगतीतला प्रत्येक जण वेगळा आहे.

ज्याचे तुरे तांबूस सोनेरी आणि मोकळे, तो डोंगरी. ज्याचे कणीस एकटे, चपटे, थोडे वाकलेले, तो शेडा. खोलगट जागी, जिथे माती साचली आहे तिथे मारवेल भेटेल. त्याची ओळख सोपी आहे: काडीच्या पेरावर पांढऱ्या केसांचे कडे असते आणि तुरा हाताच्या बोटांसारखा फाकलेला असतो. ज्याची कुसळे एकमेकांत पिळून काळपट वेणी घालतात ती कुसळी. तिचे बी ओल लागली की वळते, सुकले की उलटे वळते, आणि असे करत करत स्वतःच जमिनीत शिरते. पेरणीला माणूस नको की पाभर नको. पात चुरगळल्यावर अत्तरासारखा वास आला तर ती तिखाडी, म्हणजेच रोशा. या गवताच्या भट्ट्या लावून खानदेश-वऱ्हाडात एके काळी तेल काढीत असत.

गवताच्या पायाशी फुलांचे दुसरे राज्य असते. केन्याची निळी फुले, तेरड्याची गुलाबी, रानतिळाची फिकट जांभळी, बरबड्याची बारीक तांबडी, कुरडूचे पांढरे-गुलाबी तुरे, मधूनच कळलावीची आगीच्या ज्वाळेसारखी. (कळलावी बघावी आणि सोडून द्यावी. तिचा कंद विषारी असतो.) यातली निम्मी आपण वावरात तण म्हणून उपटतो आणि ते बरोबरच आहे. पण डोंगरावर ती तण नाहीत. बरबडा, शेवरा ही द्विदल कुळातली. ती हवेतला नत्र मुळांच्या गाठींत धरतात आणि शेजारच्या गवताला देतात. बाकीची मधमाशीला जगवतात. चिखली-मेहकरकडे जे लोक कांद्याचे बियाणे घेतात त्यांना विचारा, फेब्रुवारीत कांद्याचे गोंडे फुलल्यावर माशी आली नाही तर काय होते. माशी काही फेब्रुवारीत आकाशातून पडत नाही. पावसाळ्यापासून तिला कुठेतरी खायला मिळाले असेल तरच तोवर तिचे मोहोळ टिकते.

इथे थोडे विषयांतर करतो. गोल्फ नावाचा एक साहेबी खेळ आहे. आपल्या देशात तो जुना आहे, कलकत्त्याचा क्लब १८२९ सालचा. एका मैदानाला शंभर-दीडशे एकर जमीन लागते. त्यातला चेंडू गळीला घालायचा जो गुळगुळीत हिरवा तुकडा असतो, त्यावर उष्ण देशांत कोणते गवत असते माहीत आहे का? आपली हराळी! आपण नांगराच्या तासात जिच्या मुळ्या वेचून वेचून कंबर मोडतो आणि गणपतीला जिच्या जुड्या वाहतो, तिच्याच निवडक जाती तिथे पैसे मोजून लावतात. पण गंमत पुढे आहे. अलीकडे या मैदानवाल्यांच्या ध्यानात आले की खेळाच्या पट्ट्याबाहेरची जमीन कापत, भिजवत, खत घालत बसण्यात अर्थ नाही. म्हणून पुष्कळ ठिकाणी त्या जागेवर त्या त्या मुलखाचे मूळचे गवत आणि रानफुले पुन्हा आणतात. तिथे खत घालत नाहीत, कारण खताने तणच आधी माजते. पहिली दोन वर्षे तण काढत राहतात. पुढे वर्षातून एकदाच, बी झडल्यावर कापतात आणि कापलेले उचलून नेतात. मी हे वाचले तेव्हा मला हसू आले आणि थोडी लाजही वाटली. चेंडू हरवू नये म्हणून ज्यांना गवत कापावे लागत होते, ते गवत राखायला शिकले. आणि ज्यांचे दूधदुभते गवतावर, ते आपण?

लाज वाटण्याचे कारण सांगून टाकतो. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात एका गावच्या टेकडीवर आम्ही झाडे लावली. टेकडी उघडी आहे, पडीक आहे, असे मीच अहवालात लिहिले होते. उन्हाळ्यात पाहिली होती ना! पावसाळ्यात तिथे शेडा आणि डोंगरी उभा राहत असे, हे मला कोणी सांगितले नाही आणि मीही कोणाला विचारले नाही. उतारावर सरसकट चर खोदले, माती उलटीपालटी झाली, खड्ड्यांत रोपे बसली. तीन उन्हाळ्यांत बहुतेक रोपे वाळली. मुरमाड कातळावर वीतभर मातीत ती जगणार कशी? गवताचे जुने ठोंब मात्र खोदकामात गेले ते गेलेच. त्या जागी तरोटा आला, मग गाजरगवत. कोवळ्या तरोट्याची भाजी माणसे खातात, पण जून झाल्यावर ढोर त्याला तोंड लावत नाही. गावातल्या एका म्हाताऱ्या गुराख्याने मला तेव्हा एवढेच विचारले, “काहून सायब, आमच्या ढोरायनं तुमचं काय बिगाडलं होतं?”

आपल्याकडे ज्या जमिनीवर झाड नाही ती पडीक, हा समज सरकारी कागदातही आहे आणि आपल्या डोक्यातही. दबडघाव आणि शंकरनारायण या दोन शास्त्रज्ञांनी १९७३ साली भारताच्या गवतांवर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांनी देशाच्या गवताळ मुलखाचे पाच प्रकार पाडले, त्यातला आपला प्रकार शेडा आणि मारवेल यांच्याच कुळांच्या नावाने ओळखला जातो. म्हणजे ही गवते इथे उगवली ती दुसरे काही उगवले नाही म्हणून नव्हे. हा त्यांचाच मुलूख आहे. शेजारच्या वाशीम-अकोल्याकडे संवेदना ही संस्था फासेपारधी मंडळींना बरोबर घेऊन गवताची राने राखण्याचे काम करते. गवतात राहणाऱ्या तणमोरासारख्या पक्ष्याची खरी माहिती पारध्यांनाच, मग राखणही त्यांच्याच हाती, असा तो विचार. मला तो फार पटला.

आता आपल्या ई-क्लासकडे येऊ. बाकीच्या महाराष्ट्रात ज्याला गायरान म्हणतात त्याला आपण वऱ्हाडातले लोक जुन्या महसुली वर्गवारीमुळे ई-क्लास म्हणतो. तुमच्या गावच्या ई-क्लासचे आज काय झाले आहे ते तुम्हीच बघा. थोडे कोणाच्या तरी वहितीखाली गेले असेल, थोड्यावर विलायती बाभूळ असेल आणि उरलेल्यावर बारा महिने ढोरे. सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ रोजी गावाच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे काढण्याचा निकाल दिला, आपल्या शासनानेही त्याच वर्षी जुलैत निर्णय काढला. पण अतिक्रमण निघाले म्हणजे गवत आले असे होत नाही, आणि मला त्या पुढचेच सांगायचे आहे.

मोताळा तालुक्यातल्या एका गावात साठेक एकर ई-क्लास शिल्लक होती. पानी फाउंडेशनच्या स्पर्धांमुळे त्या भागात पाणी अडवण्याचे वारे आधीच होते. पुढच्या समृद्ध गाव स्पर्धेत कुरण हाही एक विषय होता. गावात बैठक झाली. तरुण मंडळी म्हणाली, सगळी जमीन तीन वर्षे बंद करू. तेव्हा मागे बसलेली एक मावशी उठली. तिला जमीन नाही, सात बकऱ्यांवर घर चालते. ती म्हणाली, “गवत वाढीन सायब, मी नाही नाही म्हनत. पन तोवर माह्या बकऱ्या काय दगड खातीन?”

मला उत्तर देता आले नाही. घरी वावर असणाऱ्याला धुऱ्यावर चारा आहे, कडबा आहे, सोयाबीनचे कुटार आहे. ज्याला वावर नाही त्याला ई-क्लासच आहे. शेवटी असे ठरले की वीस एकरच बंद करायची, बाकी मोकळी. बंद तुकड्यात ढोर कोणाचेच नाही, सरपंचाचेही नाही. विळ्याने कापून भारा न्यायचा, आणि पहिला हक्क भूमिहीन घरांचा.

काम कसे केले ते सांगतो, कारण पत्रे येतात ती याच प्रश्नाची. ऑक्टोबर-नोव्हेंबरात बायांनी बोथ्याकडच्या नव्हे (अभयारण्यातले बी घेता येत नाही), तर गावच्याच धुऱ्यांवरचे आणि जुन्या बांधांवरचे शेडा, पवना, डोंगरी, मारवेल यांचे बी हाताने ओरपून घेतले. गवताचे बी एकदम पिकत नाही, पिकेल तसे झडते, म्हणून आठ-दहा दिवसांनी दुसरी फेरी करावी लागते. बी सावलीत वाळवून कापडी पिशवीत जूनपर्यंत ठेवले. ताजे बी नीट उगवत नाही, त्याला झोप असते. काही महिने गेले की ती उतरते. हलके बी वाऱ्याने उडते, म्हणून माती आणि शेणात कालवून त्याच्या बारीक गोळ्या केल्या. चांगला पाऊस झाल्यावर जमीन नुसती खरवडून त्या टाकल्या. बोटाच्या पेराहूनही कमी खोल. बी खोल गेले की संपले. खालच्या काळ्या मातीत मारवेलचे जुने ठोंब फोडून जुलैत दीड-दीड फुटावर लावले. मारवेल भारी जमिनीत चांगला येतो. खारपाणपट्ट्यातल्या शेगाव-नांदुऱ्याकडच्या वाचकांनीही बांधावर तो लावून पाहावा, खारेपणा तो बऱ्यापैकी सोसतो. राहुरी विद्यापीठाचा फुले मारवेल-०६-४० हा वाण आहे, पण धुऱ्यावरचा गावठी मारवेल काही वाईट नाही.

खत घातले नाही. तरोटा आणि गाजरगवत फुलण्याआधी उपटले. गाजरगवताला उघड्या हाताने धरू नका, अंगावर खाज उठते. विलायती बाभूळ नुसती तोडली की दुप्पट फुटते, ती मुळासकट काढावी लागते. लोणारच्या विवरातसुद्धा तिने मोठी जागा बळकावली आणि ती काढण्याचे काम हाती घ्यावे लागले, यावरून तिची जात ओळखा.

कापणीची वेळ महत्त्वाची. गवत फुलोऱ्यात आले की कापा, तेव्हा त्यात कस असतो. बी पडून वाळले की राहतो तो नुसता भुस्सा. पण दरवर्षी एक पट्टा बियाण्यासाठी उभा सोडा, आणि तो पट्टा दरवर्षी बदला. फुलांनाही तोच पट्टा उपयोगी पडतो. कापताना चार बोटे बुडखा ठेवा.

पहिल्या वर्षी रात्रीतून कोणीतरी ढोरे घातली. दुसऱ्या वर्षी मार्चमध्ये वणवा लागून निम्मे जळाले. जाळल्याने हिरवा कोंब लवकर येतो असे गुराखी सांगतात, ते खरे आहे. पण वर्षानुवर्षे जाळले आणि चारले की शेडा मागे सरतो आणि कुसळी पुढे येते. आता थंडीतच भोवती जाळरेषा काढतात. तिसऱ्या वर्षी वरच्या उतारावर शेडा आणि डोंगरी दाट आला. खालच्या कोपऱ्यात अजून तरोटाच आहे. भूमिहीनांची अकरा घरे भारे नेतात, दोघींनी त्यावर गाय घेतली.

बकरीवाल्या मावशीने मात्र दोन बकऱ्या विकल्या. मागच्या खेपेला तिने मला रस्त्यातच अडवले. तिचे म्हणणे असे की तुमच्या गवताने गाय पोसली जाते, बकरी नाही. बकरीला पाला लागतो, बोरीचा, हिवराचा, आणि तो तुम्ही कुंपणात घालून ठेवला. तिचे खरे आहे. बकरी मुळात पाला खाणारे जनावर, आणि मी कुरण आखताना विचार केला तो दुधाचा. आता बंद तुकड्याच्या कडेच्या बोरी आणि हिवर छाटून पाला नेण्याची मुभा बकरीवाल्यांना द्यावी, असा ठराव मी ग्रामसभेपुढे ठेवायला सांगितला आहे. काही जणांचा विरोध आहे. तुमच्या गावात कोणी यातून वाट काढली असेल तर मला जरूर कळवा.

परत निघताना त्या मावशीनेच पदराच्या गाठीतून मूठभर बी काढून माझ्या हातावर ठेवले. “पवना हे. लय भांडते म्हनू नका सायब, तुमच्या आंगनात लावा.” ते बी सध्या आमच्या घरी डब्यात आहे, जूनची वाट बघत.