ऑफिस सुटल्यावरचा डिटेक्टिव्ह

डिटेक्टिव्ह म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर कोण येतं? व्योमकेश बक्षी? शेरलॉक? की आपला फास्टर फेणे? माझ्या डोळ्यांसमोर येतात एस. विजय कुमार. सिंगापूरला शिपिंग कंपनीत नोकरी केलेला, तुमच्या-आमच्यासारखाच टार्गेट आणि मीटिंगवाला माणूस. फरक इतकाच, की ऑफिस सुटल्यावर आपण टीव्ही लावतो. ते चोरीला गेलेले देव शोधायचे.

फ्रीलान्सिंगमुळे मला आर्ट गॅलऱ्यांच्या ओपनिंगची आमंत्रणं येतात. झकास लाइटिंग, हातात ग्लास, हलक्या आवाजातल्या गप्पा. अशा ठिकाणी माझ्यातली मिस्ट्रीवेडी मुलगी जागी होते आणि विचारते, ही वस्तू इथं येण्याआधी कुठं होती? कलाविश्वात याला भारदस्त नाव आहे, प्रॉव्हेनन्स. म्हणजे वस्तूचा बायोडाटा. आणि बायोडाटा म्हटलं की थापा आल्याच!

श्रीपुरंतनच्या नटराजाचंच बघा ना. तामिळनाडूतल्या अरियलूर जिल्ह्यातलं हे छोटं गाव. तिथल्या चोळकालीन देवळातून २००६ मध्ये कांस्य नटराज चोरीला गेला. देऊळ बहुतेक बंदच असायचं, त्यामुळे बराच काळ कुणाला पत्ताच नव्हता. २००८ मध्ये तोच नटराज कॅनबेराच्या नॅशनल गॅलरी ऑफ ऑस्ट्रेलियात पोहोचला. किंमत सुमारे ५० लाख अमेरिकी डॉलर! विकणारा होता न्यूयॉर्कचा बडा डीलर सुभाष कपूर. मूर्ती १९७०च्या सुमारासच भारताबाहेर गेल्याची कागदपत्रंही सोबत होती. सगळं कसं कायदेशीर.

फक्त एक गडबड झाली. पाँडिचेरीच्या फ्रेंच इन्स्टिट्यूटची मंडळी वर्षानुवर्षं दक्षिणेतल्या देवळांमधल्या मूर्तींचे फोटो काढून ठेवत होती. त्यांच्या संग्रहात हाच नटराज सापडला, गावच्या देवळात उभा. फोटोचं साल? १९९४!

पण मूर्ती तीच कशावरून? कांस्यमूर्ती आधी मेणात घडवतात, तिच्यावर मातीचा साचा चढवतात, मेण वितळवून आत धातू ओततात आणि शेवटी साचा फोडून टाकतात. म्हणून प्रत्येक मूर्ती एकुलती एक. एखादा पोचा, प्रभावळीतली एखादी वाकडी ज्वाळा, हेच तिचे बोटांचे ठसे. विजय कुमार आणि त्यांच्यासारखे हौशी शोधक असे दोन फोटो शेजारी ठेवून तासन् तास बघत बसायचे. पाठलाग नाही, पिस्तूल नाही!

त्यांच्या जोडीला पोलीस होते, पत्रकार होते, अमेरिकन तपासयंत्रणा होती. कपूरला २०११ मध्ये जर्मनीत अटक झाली आणि २०२२ मध्ये कुंभकोणमच्या कोर्टानं त्याला दहा वर्षांची शिक्षा सुनावली. नटराज सप्टेंबर २०१४ मध्येच भारतात परतला होता. पुढं २०१८ मध्ये नेदरलँड्समधल्या एका आर्ट फेअरमध्ये विजय कुमार आणि लिंडा अल्बर्टसन यांनी एक बुद्धमूर्ती ओळखली. ती १९६१ मध्ये नालंदाच्या म्युझियममधून चोरीला गेली होती. तब्बल ५७ वर्षांनी सापडली, कारण तिचेही जुने फोटो शिल्लक होते.

इथंच माझ्या पोटात गोळा येतो. ज्यांचे फोटोच नाहीत, त्या देवांचं काय? त्यांच्यासाठी कोण आणि कशाच्या जोरावर भांडणार? आमच्या गावच्या देवळात पंचधातूची सुंदर उत्सवमूर्ती आहे. आमच्या अल्बममध्ये त्या गाभाऱ्यापुढचे चिक्कार फोटो आहेत. पण प्रत्येकात देवासमोर आम्हीच उभे! काका, काकू, चुलत भावंडं, आणि मागं प्रभावळीचं एक टोक.

गेल्या दिवाळीत मी गुरवकाकांची परवानगी घेऊन मूर्तीचे रीतसर फोटो काढले. समोरून, दोन्ही बाजूंनी, बैठकीचे, आणि मागूनही. ‘‘अगं, देवाचा पाठमोरा फोटो कुणी काढतं का?’’ काका हसले. मी त्यांना नटराजाची गोष्ट सांगितली. ते गप्प झाले, आणि मग स्वतःच समई जरा पुढं सरकवून म्हणाले, ‘‘हं, आता काढ. नीट दिसू दे.’’

तर मंडळी, पुढच्या लाँग वीकेंडला गावी जाल, तेव्हा सेल्फी झाला की थोडं बाजूला सरका. देवाचाही एक फोटो होऊ द्या, तारीख-गावासकट. आणि हो, बॅकअप घ्यायला विसरू नका!