सिलचरचे जावईबापू

जावई म्हटला की मराठी माणूस हातचे काम टाकून उठतो. आमच्या भिंगारमध्ये तर मागच्या अधिक महिन्यात अर्धी ब्रँच अनारशांचा डबा पोचवण्याकरिता रजेवर होती. पण महाराष्ट्राचा एक जावई असा आहे, की त्याला अनारसा सोडाच, पाटही कोणी मांडला नाही. बाबू बिपिनबिहारी मेधवी. 'हे कोण?' असे तुम्ही विचारणार. पंडिता रमाबाईंचे यजमान.

ही गोष्ट मी कौंटरवर सांगितली तेव्हा आमच्या कॅशियरबाई नोटा मोजता मोजता म्हणाल्या, "पासबुकावर सगळीकडे नवऱ्याचंच नाव असतं. एकाचं राहिलं तर राहिलं!" कॅशियरबाईंशी वाद घालू नये. सुटे पैसे त्यांच्याकडे असतात.

पण माणूस नाव लक्षात ठेवण्यासारखा होता हो. रमाबाई कोकणस्थ, आईवडील दुष्काळात गेलेले. बहीणभावाने हिंदुस्थान पायी तुडवला. 1878 साली कलकत्त्याच्या विद्वानांनी 'पंडिता' म्हणून गौरवले. 1880 मध्ये भाऊही गेला. स्त्रियांनी शिकावे म्हणून गावोगाव व्याख्याने देणारी बावीस वर्षांची अविवाहित बाई म्हणजे त्या काळी केवढे प्रकरण! तिला मागणी घालायला छाती हवी. ती या बंगाली वकिलापाशी होती. तो जातीने शूद्र. याद्या नाहीत, मानपान नाही, रुसायला विहीणबाई नाही. बांकीपूरला नोंदणी पद्धतीने लग्न!

आणि त्याचा फॉर्म! फॉर्म भरून घेण्यात माझी हयात गेली, पण असा फॉर्म पाहिला नाही. 1872 च्या त्या कायद्याप्रमाणे वधूवरांनी आपण हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, पारशी, यहुदी, बौद्ध, शीख, जैन यांपैकी कोणीही नाही असे लिहून द्यावे लागे. आमच्याकडे एक रकाना रिकामा राहिला तर फॉर्म परत जातो; या दोघांनी सगळ्यांवर काट मारून संसार थाटला.

तोही कुठे, तर आसामच्या टोकाला सिलचरला. बराक नदी, चहाचे मळे आणि साहेबांचा पोलो. आमच्याकडे रणगाडे, तिकडे घोडे, एवढाच फरक. कोणाची तिकडे बदली निघाली तर आम्ही युनियनकडे धाव घेऊ. ही बाई तिथे रमली. सुखाचा संसार झाला, असे तिनेच पुढे लिहून ठेवले आहे. भांडण झालेच तर कशावरून, साडीवरून नव्हे! घरात तिला बायबलातल्या लूकच्या शुभवर्तमानाची बंगाली प्रत सापडली, आणि तिचे मन तिकडे ओढ घेऊ लागले. मिशनच्या शाळेत शिकलेल्या बिपिनबाबूंना बायबल चांगले ठाऊक होते, पण बायकोने उघड बाप्तिस्मा घ्यावा हे काही पटेना. बायको वाचते म्हणून कौतुक करणाऱ्या नवऱ्याला ती काय वाचते हे नेमके नंतर कळते!

हा वाद मिटायला वेळच मिळाला नाही. फेब्रुवारी 1882 मध्ये पटकीने बिपिनबाबू गेले. लग्नाला दोन वर्षेही झाली नव्हती. मनोरमा वर्षाचीही नव्हती. त्याच साली रमाबाई लेकीला घेऊन पुण्याला आल्या आणि आर्य महिला समाजाच्या कामाला लागल्या. पुण्यात त्यांना विचारायला लोकांपाशी पुष्कळ प्रश्न होते. सिलचरचे घर कसे होते, हे त्यातल्या किती जणांनी विचारले असेल, कोण जाणे.