पाच मोटारसायकली आणि मोठा महादेव

नागपूरच्या पूर्व भागात नंदनवन नावाची वसाहत आहे. नाव इंद्राच्या बागेचे, प्रत्यक्षात घरांची दाटी. मागच्या मार्गशीर्षात कापसाची दुसरी वेचणी उरकली आणि तिथल्या भाच्याच्या दारातून आम्ही पाच मोटारसायकली घेऊन पचमढीला निघालो. माणसे नऊ. त्यांत दोघी जावा, आणि साठी उलटलेले आमचे मामा. गाड्या कोणत्या म्हणाल, तर तुमच्या अंगणात उभी असते तीच, दुधाचे कॅन आणि खताचे पोते वाहणारी.

विदर्भातल्या माणसाला पचमढीचा पत्ता सांगावा लागत नाही. शिवरात्रीला चौरागडावर त्रिशूळ घेऊन जाणारे आणि नागपंचमीला नागद्वारीच्या यात्रेत भिजणारे आपल्याच गावांतले असतात. एका इंग्रज कप्तानाने पचमढी शोधली असे लिहिलेले वाचायला मिळते. आपले आजे-पणजे मग कुठे जात होते कोण जाणे! मामा लहानपणी वडिलांबरोबर चौरागड चढले होते. पुन्हा एकदा चढायचा, एवढा त्यांचा हट्ट.

सामानाचे सांगतो, कारण खर्चाला भिऊनच पुष्कळजण निघत नाहीत. तंबू विकत घेऊ नका. गंजीवर टाकायची ताडपत्री आणि बैलाचा कासरा पुरे. दोन गाड्या मोठ्या स्टँडवर समोरासमोर लावायच्या, वरून ताडपत्री ओढून कडेला दगड ठेवायचे, झाले घर. घोंगड्या मात्र माणशी दोन घ्या. गाडीसाठी क्लचची वायर, एक प्लग, ट्यूब, हवेचा पंप आणि पाने. ही हत्यारे ज्याच्याकडे, तो सगळ्यांत मागे. सगळ्यांत सावकाश चालवणारा सगळ्यांत पुढे. फाटा आला की मागचा दिसेपर्यंत कोणी हलायचे नाही.

वाट कोराडीवरून सावनेरची. पुढे हद्द ओलांडली तरी सौसरपर्यंत कानावर मराठीच पडते आणि दोन्ही बाजूंना संत्र्याच्या बागा. जामसावळीला निजलेल्या मारुतीचे दर्शन घेतले. रामाकोन्यानंतर सिल्लेवानीचा घाट लागतो आणि तो चढला की हवा बदलते. छिंदवाड्याचे पठार मक्याचे. परासियाला कोळशाच्या खाणी, आणि तामियाजवळ जमीन एकदम तुटते.

तामियाच्या कड्यावर जरा थांबा. आपल्या मागे पडलेला पाऊस कन्हान-पेंचेतून नागपूरकडे येतो, वैनगंगेला मिळतो आणि गोदावरीतून पूर्व समुद्राला जातो. समोरच्या उतारावरचा देनवा-तव्यातून नर्मदेला मिळतो आणि पश्चिम समुद्राला जातो. जवळच पाताळकोट आहे. हजार-बाराशे फूट खोल दरीत भारिया आणि गोंड लोकांची गावे आहेत. वरून त्यांची शेते गोधडीच्या ठिगळांएवढी दिसतात. कोदो-कुटकी पिकवणारी ही माणसे कित्येक पिढ्या त्या चढावरून पाठीवर ओझी वाहत आली.

पुढे घाट आणि जंगल. दिवस मावळायला तासभर होता. पोरे म्हणाली, रेटू. मामा म्हणाले, "अंधारात घाट अन् जनावर, दोन्ही नको." थांबलो. वाघाच्या राखीव जंगलात मुक्काम करता येत नाही आणि विस्तव तर मुळीच नाही, हे ध्यानात असू द्या. रस्त्याकडेच्या एका गोंड शेतकऱ्याच्या घरी जाऊन रीतसर विचारले. त्यांनी खळ्यावर जागा दिली. अट एकच, निजण्यापूर्वी विस्तवावर पाणी. मग गोवऱ्या पेटवून रोडगे भाजले आणि वांग्याची भाजी केली. त्यांच्या घरातून मक्याची भाकर आली, आमच्याकडून तुरीची डाळ गेली. थंडी अशी की पहाटे ताडपत्रीवरचे दव हाताला झोंबत होते.

सकाळी उतार लागला आणि व्हायचे ते झाले. एका पोराने पेट्रोल वाचवायला गाडी न्यूट्रल केली आणि इंजिन बंद. ही सवय आपल्याकडे घरोघरी आहे. सपाटीवर ती खपते, घाटात नाही. गाडी गिअरमध्ये असली की इंजिनच तिला मागे ओढून धरते. ते सुटले की सगळा भार ब्रेकवर. ड्रममधले लायनर घासून तापतात, मग पाय कितीही दाबा, पकड येत नाही. तिसऱ्या वळणावर जळका वास आला, पेडल खाली गेले आणि त्याच्या मागे बसलेली आमची वहिनी ओरडली. पोराने प्रसंगावधान राखून गाडी डोंगराकडच्या चारीत घातली. दोघांचे गुडघे फुटले, एवढ्यावर निभावले. दुसऱ्या बाजूला दरी होती. चाकावर पाणी ओतायला धावलेल्याला मामांनी अडवले. तापलेल्या ड्रमवर गार पाणी पडले तर तो तडकतो. अर्धा तास सावलीत बसलो. त्यानंतर सगळा घाट दुसऱ्या गिअरमध्ये. वहिनी मात्र पुढचा सगळा प्रवास दुसऱ्याच गाडीवर बसून आल्या, आणि त्यात त्यांचे काही चुकले असे मला वाटत नाही.

देनवेकाठी मटकुली, तिथून पुन्हा चढ. सागाचे रान मागे पडून सालाची उंच झाडे दिसू लागतात. पचमढीत धर्मशाळेत उतरलो. साडेतेराशे मीटर उंचीचा धूपगड हे सातपुड्याचे सर्वांत उंच शिखर. तिकडे जायला वनखात्याचा परवाना लागतो. आमचे लक्ष चौरागडाकडे होते.

पायऱ्या सुमारे तेराशे. मामा वीस पायऱ्या चढत आणि बसत. मागे-पुढे कोणी घाई केली नाही, वर जायला दुपार झाली. देवळाभोवती त्रिशुळांचे रान उभे आहे. मामा त्यातून वाकून वाकून हिंडत राहिले. काय शोधता, विचारले तर म्हणाले, "बाबांनी आणलेला असेल इथंच कुठं तरी." सापडणार कसा? पण आम्हीही शोधू लागलो.

जाऊन-येऊन प्रत्येक गाडीला नऊ-दहा लिटर पेट्रोल लागले. परतताना त्या खळ्यावर पुन्हा थांबलो. जागेचे पैसे त्यांनी घेतले नाहीत, उलट पिशवीभर कुटकीचे बियाणे दिले. ते मामांनी सुगडात घालून उतरंडीला ठेवले आहे. मृग लागला की नाल्याकडच्या हलक्या रानात टाकून बघणार आहेत.