सातपुड्यावरील कॉफी

बुलढाणा जिल्ह्याचे घाटावरचा आणि घाटाखालचा असे दोन भाग लोकांच्या तोंडी आहेत. घाटाखाली मलकापूर, नांदुरा, खामगाव ही काळ्या जमिनीची, कापसाची गावे. आणि उत्तरेस, जळगाव जामोदच्या पलीकडे, सातपुड्याची निळी रांग. हीच रांग पूर्वेकडे अमरावती जिल्ह्यात गाविलगडचे डोंगर होते. परतवाड्याहून घाट चढून गेले म्हणजे सुमारे ३,६०० फूट उंचीवर चिखलदरा लागते. तेथे कापसाच्या मुलखातील प्रवाशास नवल वाटावे असे एक झाड दृष्टीस पडते. ते कॉफीचे होय.

इंग्रजी अमदानीत ही कॉफी येथे आली. महाराष्ट्रात कॉफी कोठे पिकते असे विचारले असता आजही प्रथम चिखलदऱ्याचेच नाव निघते. परंतु या झाडाने येथे संपत्ती निर्माण केली नाही. असे का व्हावे? डोंगर आहे, गारवा आहे, मोठ्या झाडांची सावलीही आहे. उणीव आहे ती पावसाच्या वेळेची. कॉफीची कळी फाल्गुन-चैत्रातील सरीची वाट पाहते. कोडगूत त्या सरी येतात. सातपुड्यावर मात्र चार महिने धो धो पाऊस पडून पुढे कोरडे ऊन तापते.

आता दक्षिण अमेरिकेतील कोलंबिया देश पाहा. विषुववृत्ताजवळील या देशात अँडीज पर्वताच्या तीन रांगा आहेत आणि बहुतेक कॉफीच्या प्रदेशात वर्षातून दोनदा पावसाळा येतो. त्यामुळे एकाच फांदीवर फूल आणि पिकलेले फळ शेजारी शेजारी दिसते. तेथून १८३५ च्या सुमारास कॉफी परदेशी जाऊ लागली. आरंभी मोठ्या मळेवाल्यांचे प्राबल्य होते. १८९९ ते १९०२ च्या यादवी युद्धाने त्यांना जबर तडाखा दिला, आणि पुढे अँटिओकिया व काल्दास प्रांतांच्या उतारांवर लहान शेतकऱ्यांनी हे पीक वाढविले. उभ्या चढणीवर पिकलेले फळ तेवढे हातानेच वेचावे लागते. तेथे सारे कुटुंब खपते. १९२७ मध्ये या उत्पादकांनी आपला राष्ट्रीय संघ स्थापिला, आणि १९३८ मध्ये संघाने संशोधनकेंद्र काढले. माल विकत घेणारा हक्काचा गिऱ्हाईक आणि रोगाचा उपाय शोधणारा तज्ज्ञ, असे दोन्ही लहान शेतकऱ्यास मिळाले.

तरीही १९८९ मध्ये आंतरराष्ट्रीय कॉफी-करारातील भावाचे बंधन सुटताच दर कोसळले, आणि संघालाही ते थोपविता आले नाहीत.

घाटाखालच्या वाचकास हे परके वाटणार नाही. १८६१ ते १८६५ पर्यंत अमेरिकेत यादवी युद्ध चालले, तेव्हा वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. युद्ध संपताच तो उतरला. पीक आपल्या शेतात, आणि त्याचे मोल सातासमुद्रांपलीकडे! पाऊस कोणाच्या हातचा नाही, भावही पुरता नाही; पण पडत्या भावाच्या दिवशी शेतकरी बाजारात एकटा उभा असावा की सोबतीने, एवढे मात्र मनुष्याच्या हाती आहे. सातपुड्यावरील त्या चार झाडांकडे पाहताना हा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.