नाव ठेवणे

गेल्या दिवाळीत भाचा घरी आला होता. पुण्यात तो संगणकाच्या क्षेत्रात काम करतो. सध्या ज्या प्रणालीची आखणी तो करीत आहे, तिच्यात माणसाची ओळख कुणा सरकारच्या वा कंपनीच्या कोठारात राहणार नाही. ती ज्याची त्याच्यापाशी राहील आणि तिच्यासोबत त्याचे ‘रेप्युटेशन’ही. ‘‘मामा, याला मराठीत काय म्हणायचं?’’ प्रतिष्ठा, लौकिक, पत, अब्रू असे शब्द मी सुचवून पाहिले. प्रतिष्ठा सभेतली, पत बाजारातली, अब्रू घरातली. त्याला एकही पुरेना. शेवटी म्हणालो, ‘‘नाव.’’ बारशाला आपण नाव ठेवतो आणि पुढे जन्मभर लोक नावे ठेवतात. ओळख आणि लौकिक या दोहोंना मराठीने एकच क्रियापद दिले आहे.

वर्गात अभंगाची नाममुद्रा शिकवताना हाच प्रश्न दरवर्षी निराळ्या वेषात समोर येतो. ‘तुका म्हणे’ ही सही खरी. पण ती कुणालाही करता येते. तुकोबांच्या रचना स्वतःच्या नावावर खपवणारा सालोमालो परंपरेने लक्षात ठेवला. त्याच्या उलट वाटेने जाणारे, म्हणजे आपली रचना तुकोबांच्या नावावर सोडून देणारे, मात्र अनामच राहिले. शंकर पांडुरंग पंडितांच्या 1869च्या इंदुप्रकाश आवृत्तीत साडेचार हजारांच्या आसपास अभंग आहेत. तुकाराम तात्यांच्या 1889च्या गाथेत आठ हजारांहून अधिक. वीस वर्षांत तुकोबांनी काही नवे लिहिले नव्हते! नामदेव आणि विष्णुदास नामा यांच्या रचनांची सरमिसळ तर आजही पुरती निस्तरलेली नाही. तरीही इंद्रायणीत वह्या बुडाल्यावर अभंग लोकांच्या मुखी उरले, ही कथा भाच्याला फार आवडली. ‘‘म्हणजे प्रत एका जागी नव्हतीच,’’ तो म्हणाला.

त्याच्या प्रणालीतल्या नाममुद्रेचे दोन भाग असतात. एक सर्वांना दिसणारा, दुसरा केवळ धन्यापाशी राहणारा. दुसऱ्याने केलेली सही पहिल्यावरून कुणीही पडताळू शकतो, नकल मात्र करता येत नाही. तिथे सालोमालोची पंचाईतच. अशा ओळखपत्त्यांचे प्रमाण जुलै 2022 मध्ये जागतिक पातळीवर संमत झाले आहे. पण सही खरी ठरली म्हणून माणूस भरवशाचा ठरत नाही. त्यासाठी कुणीतरी ‘मी याला ओळखतो’ असे म्हणावे लागते. फिल झिमरमन यांच्या ‘पीजीपी’ने 1990च्या दशकात नेमके हेच केले होते: मध्यवर्ती दाखला नाही, ओळखीच्यांनी एकमेकांच्या किल्ल्यांवर सह्या करायच्या.

आई शेजारी बसून हे ऐकत होती. तिने तीसेक वर्षे विड्या वळल्या. सोलापुरातल्या हजारो बायांप्रमाणे पाने कापून, तंबाखू भरून, दोरा गुंडाळून तिच्या बोटांवरच्या रेषा झिजून गेल्या आहेत. 2010च्या सप्टेंबरात नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत देशातले पहिले आधार क्रमांक दिले गेले, तेव्हा मला त्याचे अप्रूप वाटले होते. पुढे एका कार्यालयात आईचा अंगठा यंत्राने तीनदा नाकारला. खिडकीतला मुलगा आमच्याच गल्लीतला. तो ओशाळून म्हणाला, ‘‘आजी, मी ओळखतो हो तुम्हाला. हे ओळखत नाही.’’

भाच्याला हवे ते उदाहरण आयतेच मिळाले होते. त्यात मीच भर घातली ती आईच्या भिशीची. वीस बायका, दरमहा ठरलेली रक्कम, कागद एकही नाही. नव्या बाईला घ्यायचे तर जुनीपैकी एकीने तिच्यासाठी उभे राहायचे. तिचा हप्ता चुकला तर उभी राहिलेलीने भरायचा. शब्दामागे पदरचे पैसे असल्याने शब्द जपून दिला जाई. भाचा भराभर टिपून घेत होता.

‘‘त्या बाईचंही लिही,’’ आई अचानक म्हणाली.

मी लहान असतानाची गोष्ट. नवऱ्याने टाकलेली एक बाई चाळीत शेवटच्या खोलीत राहायला आली. भिशीत घ्या म्हणून दारोदार फिरली. तिच्या आधीच्या वस्तीतली कुजबुज तिच्याआधी येऊन पोहोचली होती. कोणी उभे राहिले नाही. आईकडे ती दोनदा आली. आईने दुसऱ्यांदा दार लोटून घेतले. चार-सहा महिन्यांनी ती खोली रिकामी झाली.

यंत्राने नाकारले तर निदान तक्रार करता येते, हे मी बोलून दाखवले. गल्लीने नाकारले तर कुणाकडे जायचे? भाच्याच्या म्हणण्याप्रमाणे त्याच्या आखणीत माणूस हवा तेवढाच दाखला पुढे करू शकतो, बाकीचा झाकून ठेवू शकतो. मग जी काहीच दाखवणार नाही, तिच्याविषयी लोक काय समजतील, हे मी विचारले. त्याला ते माहीत होते. त्यांच्या बैठकांत यावरच अडून बसल्याचे त्याने कबूल केले. जुनी ओळख टाकून कोऱ्या पाटीने सुरुवात करू द्यावी तर लबाडांचे फावते, न द्यावी तर त्या बाईला कुठेच जागा उरत नाही. मी तुकोबांच्या गाथेतल्या आगंतुकांकडे इतकी वर्षे प्रक्षेप म्हणूनच पाहत आलो. स्वतःच्या नावाने कुणी ऐकलेच नसते असे त्यांत किती असतील, हे मात्र मी वर्गात कधी विचारलेले नाही.

भाच्याने वही पुढे ओढली. ‘‘आजी, त्यांचं नाव काय होतं?’’

आई बराच वेळ आठवत राहिली. ‘‘शेवटच्या खोलीतली म्हणायचो आम्ही,’’ ती म्हणाली.