भाताला लागलेली नजर

आमचे घर मालवण तालुक्यात, खाडीपासून जरासे वर. भाताचे चार कोपरे, एवढीच आमची शेती. काही वर्षांपूर्वी श्रावणातल्या झडीत भाताच्या पानांवर होडीच्या आकाराचे ठिपके आले. मधे राखी, कडेला तपकिरी. सासूबाई म्हणाल्या, "भाताक कोणाची तरी नजर लागली." मला मात्र मनातून ठाऊक होते. भात हिरवेगार दिसावे म्हणून युरियाची मूठ मीच सैल सोडली होती. त्या साली निम्म्या लोंब्या पोचट निघाल्या आणि घरात तांदूळ विकत आणावे लागले.

तेव्हापासून हा करपा करतो तरी काय, ते मी विचारून-वाचून समजून घेतले. ही एक बुरशी. तिचा बीजाणू वाऱ्यावर येतो, ओल्या पानावर पडतो नि टोकाच्या चिकाने तिथेच चिकटतो. त्याला कोंब फुटतो आणि कोंबाच्या टोकाला घुमटासारखी गाठ धरते. गाठीला मेलॅनिन या काळ्या द्रव्याचे अस्तर असते. आत साठवलेल्या चरबीचे ग्लिसरॉल होते, ते पाणी ओढून घेते आणि दाब चढतो, तो हवेच्या दाबाच्या 80 पटींपर्यंत! मोटारीच्या चाकात तो दोन-अडीच पट असतो. एवढ्या जोराने एक बारीक सुई पानात घुसते. मक्याच्या पानांवरच्या करप्याची बुरशी निराळी, पण तीही अशीच गाठ धरून आत शिरते.

पुढची चोरी तर ऐकाच. बुरशीच्या अंगात कायटिन असते, म्हणजे आपण सुंगटे सोलून साले टाकतो ना, त्यांतलेच द्रव्य. त्याचे तुकडे जाणवले की भाताचे रोप सावध होते. म्हणून ही बुरशी एक प्रथिन सोडून ते तुकडे आधीच धरून ठेवते. चोराने कुत्र्यापुढे भाकरी टाकावी, तसे! आपल्याला ठिपका दिसतो तो चार-पाच दिवसांनी. तोवर ती पेशीपेशीतून पसरलेली असते.

नत्र जास्त झाले की पान लुसलुशीत होते, सुईला सोपे जाते. उलट सिलिका पानाच्या सालीखाली थर धरते. चारसूत्री भातशेती सांगणारे डॉ. नारायण सावंत रोपवाटिकेत तुसाची काळी राख घालायला सांगत, तिच्यातून हीच सिलिका रोपाला मिळते. सासूबाई पूर्वी तरव्यात तुसाची राख टाकीत. कपडे काळे होतात म्हणून मीच ती बंद केली होती.

पुढल्या मिरगाआधी मी गिरणीतून तुसाची दोन पोती आणली, युरिया थोडा थोडा विभागून दिला. राख पसरता पसरता सासूबाईंना हे सारे सांगितले. त्या म्हणाल्या, "म्हणजे नजर तुझीच लागली गो!"