आंबा घाटातला पिवळा दिवा

कोल्हापूरहून रत्नागिरीला जायचं तर तुम्ही एस.टी.ची खिडकीच पकडाल. मीही आजवर तेच केलं. पण यंदा भाद्रपदात आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन सोमवारी ठरलं आणि ह्यांनी शनिवारी हौसेने मोटरसायकल काढली. "पावसाने धुतलेला घाट बघत जाऊ," म्हणाले. हे परगावी कामाला असल्यामुळे गाडी दोन महिने आमच्या जिन्याखाली उभी होती. तिथेच माझं बटाट्याचं पोतं असतं, आणि पोतं आलं म्हणजे उंदीरही आलेच.

बांबवड्यापर्यंत दोन्ही बाजूंना ऊस. मलकापूर सोडलं की हवा बदलते, झाडी रस्त्यावर झुकते. विशाळगडाचा फाटा दिसला की १६६० सालचे बाजीप्रभू आठवल्याशिवाय राहत नाहीत. शाळेत हा धडा मी दरवर्षी शिकवते. आंब्याच्या पुढे डोंगरउतारावर पिवळी सोनकी नि गुलाबी तेरडा असा काही फुलला होता, की हळदीकुंकवाला रांगोळी घालावी! धबधब्यापाशी उतरलो. ह्यांनी लाल बटणाने इंजिन बंद केलं आणि किल्ली तशीच ठेवून फोटो काढत बसले. अर्ध्या तासाने बटण दाबलं तर नुसतं कट्-कट्. मागचा दिवा मात्र निवांत जळत होता!

आमच्या गाडीला किक नाही. पूर्वीची कार्ब्युरेटरची गाडी ढकलून चालू व्हायची. ह्या इंजेक्शनच्या गाडीत पेट्रोलचा पंपच बॅटरीवर चालतो. बॅटरी पार गेली, तर ढकलून उपयोग नाही. पण किल्ली फिरवल्यावर पंपाचा बारीक 'झूं' ऐकू आला. म्हणजे थोडा जीव होता. मग दुसरा गिअर, क्लच दाबून उतारावर ढकललं, क्लच सोडला आणि गाडी धडधडत सुरू झाली. पण इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा काही विझेना.

तो दिवा किल्ली फिरवली की लागायचा आणि इंजिन सुरू झालं की विझायचा. विझला नाही तर गाडी काहीतरी सांगते आहे, असं समजावं. माझ्या पर्समध्ये आईच्या डोळ्यातल्या भिंगाचे पैसे होते, त्यामुळे माझा जीव खालीवर. घाट उतरून एका गावात मिस्त्री सापडला. त्याने लांबूनच निदान केलं : "वहिनी, कॉम्प्युटर गेला. आठ हजार लागतील."

हे लगेच खिशाकडे वळले. मी म्हटलं, "अहो, जरा थांबा." सीटखालचं पुस्तक काढलं. (हे पुस्तक कुणी वाचत नाही. आमचंही प्लास्टिकच्या पिशवीत कोरं होतं.) त्यात लिहिलं होतं की गाडी उभी करून सावकाश चालू ठेवली, की दिवा खुणा करतो : लांब उघडझाप म्हणजे दहा, आखूड म्हणजे एक. मी हजेरी घेतल्यासारखी मोजली. लांब, लांब, आखूड. एकवीस! पुस्तकात एकवीसपुढे ऑक्सिजन सेन्सर, म्हणजे सायलेन्सरच्या नळीतली धूर हुंगणारी कळ. तुमच्या गाडीचे आकडे वेगळे असतील, कारण प्रत्येक कंपनीची भाषा निराळी. आपलं पुस्तक पाहावं. शिवाय आकडा रोगाचं नाव सांगत नाही, कुठं दुखतंय ते सांगतो. कळ चांगली असून वायर तुटलेली असू शकते.

मिस्त्रीने वायर चाचपली. नळीपाशी उंदराने कुरतडलेली! त्याचा चेहरा पडला, पण हात चांगला होता. जोडून टेप गुंडाळली आणि पुन्हा चालू केल्यावर दिवा विझला. आठ हजारांऐवजी दीडशे रुपये.

मग बॅटरीला मीटर लावला. गाडी बंद असताना ११.९ व्होल्ट, चालू असताना १४.१. म्हणजे गाडी वीज भरत होती, बॅटरीच उपाशी होती. धडधाकट बॅटरी गाडी बंद असताना १२.६ च्या वर दाखवते. दोन महिने उभी राहिलेली बॅटरी तासा-दोन तासांच्या प्रवासात पुरती भरत नाही. अंगणात पाच मिनिटं चालू ठेवून काही होत नाही. आठवड्यातून एकदा अर्धा तास फिरवून आणावी लागते. हे लांब जाणार असतील, तर आधी उण्याची वायर काढून ठेवा, लावताना ती शेवटी. घरी चार्ज करायची तर पाच ॲम्पिअर-तासांच्या बॅटरीला अर्धा ॲम्पिअर पुरे. गॅरेजमधला ट्रकचा चार्जर लावू देऊ नका, बॅटरी भाजून निघते.

रत्नागिरीत शिरलो तेव्हा साडेतीन वाजले होते. थिबा राजवाडा पाहायचा बेत राहूनच गेला. ब्रह्मदेशच्या राजाने हद्दपारीत शेवटची वर्षं काढली ती वास्तू, १९१० साली बांधलेली. ती आईला नव्या डोळ्याने दाखवू, असं ठरवलं. आई दारातच उभी होती. माझे काळे हात बघून म्हणाली, "हे काय गं, मोटार ढकलत आलात की काय?"

ऑपरेशन नीट झालं. भिंगाचे पैसे तसेच्या तसे भरले. बटाट्याचं पोतं आता माळ्यावर आहे.